सरोगसी: आधी कोर्टाचा आदेश, मग गर्भधारणा. इच्छुक पालकांसाठी कागदपत्रांचा क्रम

सरोगसीने, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढून, होणाऱ्या बाळाचे कायदेशीर आई-वडील कोण, हे भारतात बाळ जन्मल्यावर ठरत नाही. सरोगेट मातेच्या गर्भाशयात भ्रूण सोडण्याआधीच ते न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ठरलेले असावे लागते. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की बाकीचे कागद कोणत्या क्रमाने करायचे हे समजायला वेळ लागत नाही. बहुतेक घोळ उलट्या क्रमामुळे होतात. जोडपी आधी उपचार सुरू करतात, औषधांवर लाखो रुपये खर्च होतात आणि मग कळते की एक प्रमाणपत्र नसल्यामुळे पुढचे पाऊल टाकताच येत नाही.

हा क्रम सरकारने उगाच लावलेला नाही. २००८ मध्ये गुजरातमधल्या आणंद इथे एका जपानी जोडप्यासाठी सरोगसीने मुलगी जन्मली. तिच्या जन्माआधीच त्या जोडप्याचा घटस्फोट झाला होता. आई नक्की कोण, पासपोर्ट कोणत्या देशाचा, ताबा कोणाकडे, हे सगळे प्रश्न त्या तान्ह्या जिवाला घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. असे पुन्हा होऊ नये म्हणून सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ मध्ये पालकत्वाचा प्रश्न सुरुवातीलाच सोडवून घेतला आहे. हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि त्याखालचे नियम जून २०२२ मध्ये आले.

१. आपण पात्र आहोत का, हे तारखांसकट तपासा

विवाहित दाम्पत्यासाठी पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ असावे लागते. हे वय अर्जाच्या दिवशीचे धरत नाहीत, पात्रता प्रमाणपत्र (पायरी ७) मिळण्याच्या दिवशीचे धरतात. पत्नीला पन्नास पूर्ण व्हायला चार-सहा महिने उरले असतील तर कोर्ट आणि वैद्यकीय मंडळ यांच्यातच तो वेळ निघून जाऊ शकतो. अशा वेळी पहिल्याच दिवशी सगळ्यांना लेखी कळवा की वयाची मुदत जवळ आली आहे.

ज्यांनी कायदा येण्याआधी, म्हणजे २५ जानेवारी २०२२ पूर्वी, प्रक्रिया सुरू करून भ्रूण गोठवून ठेवले होते त्यांना वयाची अट लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तुमचे तसे असेल तर भ्रूण कोणत्या तारखेला गोठवले याची क्लिनिकची नोंद आजच मागून घ्या.

एकट्या स्त्रीला सरोगसी करता येते, पण ती विधवा किंवा घटस्फोटित असली पाहिजे आणि वय ३५ ते ४५ असले पाहिजे. घटस्फोटाचा खटला चालू आहे, एवढे पुरत नाही. हुकूमनामा हातात हवा. अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लिव्ह-इनमधले जोडपे आणि समलिंगी जोडपे यांना सध्याच्या कायद्यात परवानगी नाही. हे अन्यायकारक वाटणारे बरेच जण आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण क्लिनिकमधले कोणी "काहीतरी करून बसवू" म्हणत असेल तर तिथून निघा. बसवलेल्या कागदांचा भार पुढे बाळावर येतो.

भारतीय वंशाच्या, पण परदेशी नागरिक असलेल्या दाम्पत्याला आधी केंद्राच्या राष्ट्रीय सरोगसी मंडळाची शिफारस घ्यावी लागते.

आधीचे हयात मूल असेल तर, मग ते पोटचे असो, दत्तक असो वा सरोगसीचे, सर्वसाधारणपणे परवानगी मिळत नाही. मूल मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या दिव्यांग असेल, किंवा त्याला बरा न होणारा जीवघेणा आजार असेल, तर जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर अपवाद होतो.

दोन गोष्टी लोक अजूनही ठामपणे सांगतात, त्या कायद्यात नाहीत. लग्नाला पाच वर्षे पूर्ण झालेली हवीत, ही अट जुन्या विधेयकात होती. आज ती नाही. सरोगेट माता जवळची नातेवाईकच हवी, हेही तसेच. कायद्यात "तयार असलेली स्त्री" एवढेच आहे. जनुकीय नाते हवे ते बाळाचे इच्छुक पालकांशी.

२. क्लिनिकचा नोंदणी क्रमांक डोळ्यांनी पाहा

आयव्हीएफसाठीची (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचाराची) नोंदणी आणि सरोगसी क्लिनिकची नोंदणी या वेगळ्या आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आहेच असे नाही. सरोगसी क्लिनिक म्हणून मिळालेले प्रमाणपत्र मागा, त्यावरचे नाव, पत्ता आणि मुदत वाचा. साखळी रुग्णालयाच्या एका शाखेची नोंदणी दुसऱ्या शाखेला चालेल असे गृहीत धरू नका.

३. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला

सरोगसी का हवी, याचे वैद्यकीय कारण तुमच्या डॉक्टरांनी लिहून भागत नाही. जिल्हा वैद्यकीय मंडळाने तसे प्रमाणित करावे लागते. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचे अधिकारी या मंडळाचे प्रमुख असतात आणि सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असतात.

नियमांत मान्य असलेली कारणे साधारण अशी: गर्भाशय जन्मतःच नसणे, शस्त्रक्रियेने काढलेले असणे किंवा त्याची रचना गर्भ धरण्याजोगी नसणे, आयव्हीएफ किंवा इक्सीचे (शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीचे) अनेक प्रयत्न करूनही गर्भ न रुजणे, कारण न सापडणारे वारंवार गर्भपात, आणि गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार.

अर्ज अडतो तो फाइल विस्कळीत असल्यामुळे. "आयव्हीएफ पाच वेळा अयशस्वी" असे पत्रात लिहिलेले असते, पण त्यातल्या तीन वेळांचे डिस्चार्ज कार्ड जोडलेले नसते. प्रत्येक प्रयत्नाची तारीख, किती भ्रूण सोडले आणि निकाल काय आला, हे एका पानावर लिहा आणि त्यामागे त्याच क्रमाने रिपोर्ट लावा. जुन्या क्लिनिककडून रेकॉर्ड मिळायला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी सुरू करा.

दात्याचे बीज लागणार असेल तर तेही याच मंडळासमोर मांडायचे. मार्च २०२३ मधल्या बदलाने दात्याचे बीज वापरण्यावर बंदी आली होती. २१ फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने ती सैल झाली: पती किंवा पत्नी यांपैकी एकाला तशी वैद्यकीय अडचण असल्याचे मंडळाने प्रमाणित केले तर स्त्रीबीज किंवा शुक्राणू यांपैकी एक दात्याचे चालते, मात्र दुसरे इच्छुक पालकांचेच हवे. दोन्ही दात्यांची चालत नाहीत. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला स्वतःचेच स्त्रीबीज आणि दात्याचे शुक्राणू वापरावे लागतात. दाता नोंदणीकृत बँकेमार्फतच घ्या. मैत्रिणीचे किंवा बहिणीचे स्त्रीबीज आपापसात ठरवून घेता येत नाही. स्त्रीबीज देणाऱ्या दातीचे वय २३ ते ३५ असावे लागते, ती आयुष्यात एकदाच दान करू शकते, आणि तिच्यासाठी १२ महिन्यांचा विमा तुम्ही काढायचा असतो.

४. सरोगेट माता: तिच्या अटी आणि तिचे हक्क

ती विवाहित असावी किंवा पूर्वी विवाह झालेला असावा, तिला स्वतःचे मूल असावे आणि भ्रूण सोडण्याच्या दिवशी तिचे वय २५ ते ३५ असावे. ती आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. तिचे स्वतःचे स्त्रीबीज वापरता येत नाही. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. एकाच सरोगेट मातेवर जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतात.

तिची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत असली पाहिजे. इंग्रजी छापील नमुन्यावर अंगठा किंवा सही घेऊन मोकळे होणे, ही सगळ्यांत वाईट सवय. पुढे वाद झाला तर तो कागद टिकत नाही, आणि त्याआधी मुद्दा असा की एक स्त्री स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेते आहे. तिला प्रत्येक ओळ कळलीच पाहिजे. मराठीत, हिंदीत, जी तिची भाषा असेल त्यात वाचून दाखवा, तिला प्रश्न विचारायला वेळ द्या. शक्य असेल तर तिच्यासाठी वेगळा वकील असू द्या.

भ्रूण सोडण्यापूर्वी ती कधीही संमती मागे घेऊ शकते. ते लक्षात ठेवून मनाची आणि पैशांची तयारी ठेवा. गर्भपातासाठी तिच्यावर जबरदस्ती करणे हा गुन्हा आहे. वैद्यकीय कारणाने गर्भपात करायची वेळ आलीच, तर तिची लेखी संमती आणि समुचित प्राधिकाऱ्यांची (सरोगसीची प्रमाणपत्रे देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची) परवानगी लागते आणि वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात.

५. छत्तीस महिन्यांचा विमा

सरोगेट मातेच्या नावाने ३६ महिन्यांचा आरोग्य विमा हवा, त्यात गरोदरपणातली आणि प्रसूतीनंतरची गुंतागुंत धरलेली हवी, आणि विमा कंपनी आयआरडीएआयची (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाची) मान्यता असलेली हवी. इथे लोक फसतात ते घरातल्या साध्या मेडिक्लेमवर. नेहमीच्या पॉलिसीत मातृत्वासाठी प्रतीक्षा कालावधी असतो आणि कित्येकदा सरोगसी स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. "वगळलेल्या बाबी" हे पान आधी वाचा. एक वर्षाची पॉलिसी घेऊन दरवर्षी नूतनीकरण करू, हे अधिकारी मान्य करतील असे धरून चालू नका. सलग ३६ महिने दिसणारा कागद घ्या. पॉलिसी खूप आधी काढली तर मुदतीतले महिने कोर्टाच्या तारखांत संपतात, म्हणून आधी कोटेशन पक्के करा आणि सरोगेट मातेच्या तपासण्या पूर्ण झाल्यावर पॉलिसी काढा.

विम्याच्या जोडीला तिच्या आरोग्याची, नुकसानीची आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास भरपाईची हमी देणारे प्रतिज्ञापत्रही तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावे लागते. पुढच्या पायरीच्याच दिवशी ते उरकता आले तर एक फेरी वाचते.

६. पालकत्वाचा आदेश

सगळ्या प्रक्रियेचा कणा हा आदेश आहे, म्हणून यावर वेळ घालवा.

अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या न्यायालयात करायचा. अर्जदार म्हणून इच्छुक दाम्पत्य आणि सरोगेट माता दोघांचीही नावे हवीत; फक्त दाम्पत्याने केलेला अर्ज अपुरा ठरतो. कोणत्या हद्दीतले कोर्ट, हे वकिलाकडून आधी ठरवून घ्या. असे अर्ज अनेक कोर्टांत क्वचित येतात, त्यामुळे कायद्याच्या कलम ४ ची छापील प्रत अर्जासोबत जोडलेली बरी. न्यायाधीश सरोगेट मातेला वेगळे प्रश्न विचारू शकतात. तिला उत्तरे पढवू नका. तिला खरोखर समजले असेल तर ती नीट सांगेल.

आदेशात काय असावे, हे मसुदा करतानाच तपासा:

- "पालकत्व" आणि "ताबा" हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे. एकच असेल तर पुढे शंका काढायला जागा राहते.
- "जन्माला येणारे बाळ किंवा बाळे" अशी शब्दरचना. जुळी झाली तर दुसऱ्या बाळासाठी पुन्हा कोर्टात जायला नको.
- बाळाच्या जन्मानंतर हाच आदेश जन्माचे प्रतिज्ञापत्र म्हणून धरला जाईल, हे वाक्य. कायदा तसे म्हणतोच, पण जन्म नोंदणी कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला कायदा नव्हे, हातातला कागद दिसतो.
- तिघांची नावे, अक्षरशः आधार आणि पासपोर्टवर आहेत तशी.

नावांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. आपल्याकडे लग्नानंतर बायकांची नावे तीन-तीन प्रकारे लिहिलेली सापडतात. विवाह प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर वडिलांचे नाव मधे घालून तिसरेच. कुठे "संगीता", कुठे "संगिता". आदेशात जे स्पेलिंग जाईल तेच जन्म दाखल्यावर उतरेल आणि तिथून शाळा, पासपोर्ट, बँक सगळीकडे. म्हणून कोर्टात जाण्यापूर्वी सगळे ओळखपत्रे एकसारखी करून घ्या. गरज पडली तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा आणि त्याची प्रत अर्जाला जोडा.

आदेश मिळाला की प्रमाणित प्रती चार-पाच घ्या: समुचित प्राधिकारी, क्लिनिक, प्रसूतीचे रुग्णालय, जन्म नोंदणी आणि घरी एक.

आदेश ठरावीक सरोगेट मातेसाठी असतो. ती बदलली तर आदेश, विमा आणि तिचे पात्रता प्रमाणपत्र सगळे नव्याने करावे लागते.

७. समुचित प्राधिकाऱ्यांची प्रमाणपत्रे

वैद्यकीय दाखला, कोर्टाचा आदेश आणि विमा हे तीन कागद जमले की आवश्यकता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे सरोगसी गरजेची असल्याच्या दाखल्यासाठी, अर्ज करता येतो. त्याबरोबर दोन पात्रता प्रमाणपत्रे: एक तुमचे, एक सरोगेट मातेचे. ही तीनही हातात असल्याशिवाय क्लिनिकने पुढे जाणे बेकायदा आहे.

फाइलमध्ये साधारण हे लागते:

- पती-पत्नीचे आधार, पॅन, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र (विधवा असल्यास पतीचा मृत्यू दाखला; घटस्फोटित असल्यास हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत)
- हयात मूल नसल्याचे प्रतिज्ञापत्र, अपवाद असल्यास मुलाचा वैद्यकीय दाखला
- जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र
- सरोगेट मातेची ओळखपत्रे, वयाचा पुरावा, विवाहाचा पुरावा, तिच्या मुलाचा जन्म दाखला
- तिची शारीरिक व मानसिक तंदुरुस्ती प्रमाणपत्रे, विहित नमुन्यातली संमती व करार
- ३६ महिन्यांची विमा पॉलिसी आणि हमीचे प्रतिज्ञापत्र
- कोर्टाचा आदेश
- क्लिनिकच्या नोंदणीची प्रत

अर्ज फेटाळला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. लेखी कारण मागा. तो कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत शासनाकडे अपील करता येते, आणि ही मुदत चुकवू नका.

८. पैसे

कायदा फक्त परोपकारी सरोगसीला परवानगी देतो. औषधोपचार, विमा आणि नियमांत बसणारा खर्च सोडून सरोगेट मातेला मोबदला देता येत नाही: रोख नाही, दागिना नाही, "तिच्या मुलाच्या शिक्षणासाठी" म्हणून मुदत ठेवही नाही. व्यापारी सरोगसी करू पाहणाऱ्या दाम्पत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो; ती चालवणाऱ्यांना दहा वर्षे आणि दहा लाखांपर्यंत. हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. शिवाय सरोगेट स्त्रीवर जबरदस्ती झाली असेच न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

म्हणून प्रत्येक खर्च बँकेतून, शक्यतो थेट रुग्णालय, औषध दुकान किंवा प्रयोगशाळेच्या खात्यात. प्रत्येक बिल जपा. मध्यस्थ "पॅकेज" सांगत असेल तर त्या पॅकेजमध्ये मोबदला लपलेला असण्याची शक्यता दाट आहे.

९. उपचाराचे महिने

एका वेळी एकच भ्रूण सोडायचा असतो, विशेष परिस्थितीत तीनपर्यंत. लिंगनिवड पूर्णपणे बंद आहे. सरोगेट मातेच्या तपासणीचा प्रत्येक कागद तिच्या स्वतःच्या नावाने झाला पाहिजे. काही ठिकाणी "पुढे सोपे जाईल" म्हणून इच्छुक आईच्या नावाने केस पेपर काढायला सांगतात. हे कधीही करू नका. रक्तगट, ॲलर्जी, आधीचे सिझेरियन ही माहिती चुकीच्या नावाखाली गेली तर प्रसूतीच्या टेबलावर तिचा जीव धोक्यात येतो. शिवाय तो बनावट दस्तऐवज ठरतो.

१०. प्रसूती आणि जन्म दाखला

सगळे नीट करूनही शेवटच्या टप्प्यावर घोळ होतो तो असा. सरोगेट माता तिच्या नावाने दाखल होते, तसेच व्हायला हवे. पण रुग्णालयाची संगणक प्रणाली तिचे नाव जन्म अहवालात "आई" म्हणून आपोआप उचलते आणि तो अहवाल महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जातो. एकदा नोंद पडली की दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि चकरा.

हे टाळायला सातव्या-आठव्या महिन्यातच रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात जा. आदेशाची प्रमाणित प्रत आणि एक साधे पत्र द्या: जन्म अहवालात आई आणि वडील म्हणून कोणाची नावे लिहायची. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. बाळंतपणानंतर अहवाल पाठवण्यापूर्वी तो डोळ्यांखालून घाला. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली तर विनाशुल्क आणि सोपी असते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशापासून पुढे जन्म दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा धरला जातो, त्यामुळे इथली चूक महागात पडते.

"आता दत्तक विधान करून घ्या" असा सल्ला देणारे भेटतील. त्याची गरज नाही. कायद्याच्या कलम ८ नुसार हे मूल तुमचे जैविक मूलच मानले जाते आणि वारसाहक्कासह पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला मिळतात. जन्मलेल्या बाळाला व्यंग आहे, मुलगीच झाली, जुळी झाली, अशा कोणत्याही कारणाने नाकारण्याला कायद्याने मनाई आहे. तुमच्या दोघांपैकी कोणाला काही झाले तर बाळाला कोण सांभाळेल, हे मात्र कायदा ठरवत नाही. गर्भधारणेच्या काळातच मृत्युपत्र करून पालक नेमून ठेवा.

११. रजा आणि फाइल

स्वतःचे स्त्रीबीज वापरलेल्या आईला बाळ हाती आल्यापासून १२ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी कर्मचारी असाल तर जून २०२४ पासून दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्या सरोगेट मातेला आणि इच्छुक आईला १८० दिवसांची रजा, आणि वडिलांना प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आत १५ दिवसांची रजा आहे. कार्यालयात अर्ज करताना आवश्यकता प्रमाणपत्र आणि जन्म दाखला पुरतो. सरोगेट मातेचे नाव असलेले कागद तिथे देऊ नका, तिची ओळख गोपनीय ठेवायची आहे.

क्लिनिकला सगळी नोंद २५ वर्षे जपावी लागते. तुम्हीही मूळ आदेश आणि तीनही प्रमाणपत्रे घरच्या इतर कागदांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि स्कॅन केलेल्या प्रती दुसऱ्या ठिकाणी.